तोच दोरा

चष्मेवाल्यानं माझ्या धाकट्या बहिणीला मागणी घातली ती चष्म्याचा नंबर सांगावा तशी. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसून तो म्हणाला, "मला तुम्ही आवडता. महिनाअखेरीस मी दुकान दुसऱ्या गावी हलवतोय. तुम्ही बरोबर आलात तर आनंद होईल. नाही आलात तरी हरकत नाही." मग बिनसाखरेचा चहा संपवला, कप स्वतः उचलून बेसिनमध्ये ठेवला आणि जिना उतरून रस्त्यापलीकडच्या आपल्या दुकानात गेला.

माणूस कोरडा खरा, पण सरळ. मी मनातल्या मनात हात जोडले. वळून बघते तर धाकटी खिडकीपाशी पुस्तक उघडून बसलेली.

"अगं, त्यांना काहीतरी उत्तर दे," मी म्हटलं.

"देते ना. आधी हे संपू दे. यात शेवटी काय होतं ते कळलं की सांगते."

आता ही कुठली तऱ्हा? स्थळ दारात उभं आणि नवरीमुलगी कादंबरीत. पण मला बोलायला तोंडच नव्हतं, कारण ती कादंबरी मीच घरी आणली होती.

मी पुस्तकं बांधते. आमचा कारखाना लहान. कापायला मशीन आहे, शिवण अजून हातानं. छापखान्यातून मोठाले कागद येतात, त्यांना घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात. फर्म्यांच्या चळती लांब टेबलावर ओळीनं मांडायच्या, टेबलाला फेरी मारत प्रत्येक चळतीतला एकेक फर्मा उचलायचा, की झालं एक पुस्तक. मग ते शिवायचं. त्या आठवड्यात एकाच प्रकाशकाच्या दोन प्रेमकथा आल्या होत्या. आकार एक, कागद एक, टाइप एक. टेबल मांडणाऱ्या बाईनं एक चळत हिची, एक तिची अशा आलटून पालटून लावल्या. फर्म्यांवरचे आकडे ओळीनं बरोबर लागत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पहिली प्रत मी शिवली, मुकादमानं चाळली आणि कपाळाला हात लावला. नशीब, पहिल्याच प्रतीला कळलं. बिघडलेली प्रत कामगारानं घरी न्यायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. आम्ही पुस्तकं शिवतो, वाचतो कुठे? म्हटलं, धाकटीला तेवढाच विरंगुळा.

दोन दिवसांनी तीच मला सांगायला लागली. "ताई, काय सुंदर गुंफलंय गं. एक गोष्ट बेकरीवालीची आणि नकाशे काढणाऱ्याची. दुसरी धक्क्यावर तिकिटं विकणाऱ्या मुलीची आणि तिच्या बोटीवाल्याची. एक जिथं थांबते ना, तिथूनच दुसरी सुरू होते."

मला हसू आवरेना. चळती चुकल्या काय आणि हिला त्यात कला दिसली काय. पण 'बोटीवाला' ऐकून मी हसायची थांबले, आणि खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी जरा रंग आला होता. तो आपल्या हातानं कशाला पुसायचा?

इतक्या वर्षांनी म्हणते, कारण तिचा खलाशी. लग्न ठरलेलं, कपडे शिवून झालेले, आणि हा शेवटची फेरी म्हणून गेला. बोट परत आली, हा आला नाही. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. तेव्हापासून ही लाँड्रीच्या काउंटरमागं उभी राहून जगाच्या कपड्यांना इस्त्री करते आणि घरी येऊन गप्प बसते. तो होता तेव्हा घरात शांतता म्हणून नसायची. शीळ घालत जिना चढायचा, चहात तीन चमचे साखर मागायचा. तिला 'कप्तान' म्हणायचा आणि मला 'खळबाई', कारण माझ्या बोटांना कायम खळ चिकटलेली. मी रागवायचे, तो आणखी म्हणायचा. ती दोन्ही नावं त्याच्याबरोबर गेली. आमच्या घरात ती पुन्हा कुणी उच्चारली नाहीत.

तर, आम्ही रोज संध्याकाळी वाचायला लागलो. ती मोठ्यानं वाचायची, मी भाजी चिरत ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली. तो नकाशेवाला काय वल्ली होता! बेकरीकडे जाणारे सगळे रस्ते तो नकाशात मुद्दाम आखूड काढायचा, म्हणजे लोक चटकन तिच्याकडे पोचतील आणि तिचा माल खपेल. साहेबानं पकडलं तर म्हणाला, मला तर ते तेवढेच वाटतात. फर्मा संपतो तिथं तर नुसती धमाल. तिकीटवाली धडधडत्या छातीनं कडी काढायची, 'दार उघडून पाहते तो', आणि पान उलटलं की दारात अंगभर पीठ सांडलेला नकाशेवाला. भलत्याच दारात! आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तिला हसताना पाहून मला वाटायचं, चुकलेल्या चळतींनो, तुमचं भलं होवो.

पुढं पुढं मात्र हसू कमी झालं.

एका फर्म्यात तिकीटवाली पाव घ्यायला गेली, ती या बेकरीवालीकडेच. पुढच्यात नकाशेवाल्यानं समुद्राचा नकाशा काढायला घेतला आणि एका जागी पेन्सिल टेकवून म्हणाला, "त्याची बोट इथं होती." मी चिरता चिरता थांबले. दोन लेखकांची दोन पुस्तकं. या माणसांची एकमेकांशी ओळख करून दिली कुणी?

"काय झालं गं?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. वाच."

पुढच्या फर्म्यात तिकीटवालीच्या जिन्यावर ओली पावलं उमटली. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर आमच्या जिन्यावर पाणी. पाऊस नव्हता, कुणाचा नळ गळत नव्हता. पाणी बोटाला लावून जिभेवर टेकवलं तर खारट. पुस्तकात तिच्या खिडकीची कडी आपोआप उघडली, आमचीही उघडी सापडली, आणि खोलीत ओल्या दोरखंडाचा वास. मी धाकटीला म्हटलं, "कडी तू काढलीस?" ती म्हणाली, "वारं यायला हवं ना," आणि कपबशा मांडल्या. आम्ही दोघी, कप तीन.

"तिसरा कुणाला?"

"असू दे गं. मांडला म्हणून काय बिघडलं?"

माझी पाचावर धारण बसली. पण ती गुणगुणत होती. तिची हाडं दिसायची ती भरत चालली होती. चष्मेवाल्याचं नाव काढलं की म्हणायची, "पुस्तक संपू दे."

कारखान्यात गेल्यावर मी आधी कपाट उघडलं. दोन्ही कादंबऱ्यांच्या धड प्रती तिथं ठेवलेल्या असतात. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिकीटवालीची कादंबरी भराभर चाळली. यात बोटीचा धक्का नव्हताच. ती सिनेमाच्या तिकिटांच्या खिडकीत बसायची. तिचा माणूस नोकरीसाठी शहरात गेला, दर आठवड्याला पत्र पाठवत राहिला आणि शेवटी मिशी वाढवून परत आला. बोट नाही, समुद्र नाही, ओली पावलं नाहीत. वाचून कुणालाही झोप येईल असलं पुस्तक. आमच्या घरातली पानं या पुस्तकातली नव्हती. ती कुठल्याच पुस्तकातली नव्हती. पण मीच ती एकेक करून शिवली होती, माझ्या हातांखालून गेली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटी लाँड्रीत असताना मी रजा टाकली आणि तिनं घातलेली खूण ओलांडून शेवटचा फर्मा उघडला. तो तिकीटवालीचा निघाला. धुक्यात शीळ वाजते. तिकीटवाली उठते, चप्पल न घालता. थोरल्या बहिणीची हाडाची पट्टी खिडकीत असते, घड्या दाबायची, एका टोकाला तुटलेली. त्या पट्टीखाली ती घराची किल्ली ठेवते. मग पायऱ्या उतरते, धक्का ओलांडते आणि त्याचा हात धरून पाण्यात चालू लागते.

खिडकीत माझी हाडाची पट्टी होती. एका टोकाला तुटलेली.

मी खाली बसले. रडले म्हणायला हरकत नाही. आमच्या आईनं जाताना हिचा हात माझ्या हातात दिला होता. समुद्रानं एक नेला तो नेला, हिला मी देणार नव्हते. आणि मी काही मंत्र-तंत्र जाणणारी नाही. मला येतं ते एकच. बांधलेलं पुस्तक उसवता येतं.

रजा असूनही पुस्तक घेऊन कारखान्यात गेले, पुठ्ठा सोडवला, पाठीवरची खळ भिजवून खरवडली. एकाआड एक फर्मा अलग केला. तिकीटवालीचे सगळे फर्मे फाडून कारखान्याच्या कात्रणांच्या पोत्यात कोंबले आणि रद्दीची गाडी ते पोतं घेऊन जाईपर्यंत फाटकात उभी राहिले. मग बेकरीवालीचे तेवढे फर्मे जुळवले, दोऱ्याला मेण लावलं, शिवलं, नवा पुठ्ठा चढवला. हात सराईत, डोकं दुसरीकडेच. अर्ध्या जाडीचं पुस्तक तयार झालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं.

धाकटीनं संध्याकाळी ते हातात घेतलं, वजन तोलून पाहिलं.

"बारीक झालंय."

"पाठ निखळली होती. नीट बांधून आणलं."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाचायला बसली आणि मधले निम्मे फर्मे नसूनही एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली. नकाशेवाल्यानं आपल्या नकाशावरून सगळे रस्ते खोडले आणि फक्त बेकरी ठेवली. म्हणाला, आता मला कुठं जायचंच नाही. बेकरीवालीनं हो म्हटलं. धाकटीनं पुस्तक मिटून छातीशी धरलं.

"छान होतं गं," ती म्हणाली. "त्यांना सांग, उद्या चहाला या म्हणावं."

मी त्याच पावली खाली पळाले. चष्मेवाला कुणाच्यातरी काचा पुसत होता. निरोप ऐकून त्यानं तीच काच पुन्हा पुसली आणि म्हणाला, "बरं. येतो." कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. जिना कोरडा होता, कडी लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. धाकटीनं तीन कप मांडले. तिघांना तीन, मला बरं वाटलं. जिन्यात पावलं वाजली आणि त्यांच्यावरून शीळ.

चष्मेवाल्याला शीळ येत नाही. एकदा रस्त्यावरचं कुत्रं बोलवायला त्यानं ओठ गोल केले होते, नुसती हवा निघाली होती.

दारात चष्मेवालाच उभा. नवा सदरा, सरळ भांग, हातात डाळिंबी कागदात बांधलेलं काहीतरी. बूट ओलेगच्च.

"नमस्कार. मी वेळेवर आलो ना?" तो म्हणाला, नेहमीसारखा तोलून मापून. आणि लगेच त्याच तोंडानं, पण पोटातून येणाऱ्या मोठ्या आवाजात, "काय खळबाई, ओळखलंत का?"

मी दारातून बाजूला झाले. तो आत आला, खुर्चीच्या कडेला सावरून बसला आणि दुसऱ्या क्षणी पाय लांब करून मागं रेलला. धाकटीनं चहा पुढं केला. एक घोट घेऊन म्हणाला, "छान झालाय. साखर नाही ते बरं." पुढचा घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कुठंय, कप्तान? तीन चमचे, विसरलीस?" तिनं तीन चमचे घातले, ढवळले. तिसऱ्या घोटाला त्यानं तोंड वाकडं केलं. "फार गोड आहे. पण हरकत नाही."

एक वाक्य याचं, एक त्याचं. एक चळत हिची, एक तिची.

धाकटीला याचं काहीच नवल वाटत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ती माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "ताई, तू पुस्तक उसवलंस ते मला हातात घेतल्याबरोबर कळलं. बाइंडरची बहीण आहे मी. त्याचे फर्मे काढलेस. पण शिवताना दोरा तोच घेतलास ना?"

हो. तोच घेतला होता. आई बाइंडर होती, तिच्या हाताखाली शिकले, आणि तिनं पहिल्या दिवशी बजावलं होतं, चांगला दोरा टाकायचा नाही. म्हणून आजवर कुठलंही पुस्तक उसवताना मी दोरा कापत नाही. गाठ सोडवते, सगळ्या फर्म्यांतून अलगद ओढून काढते, मेण लावते आणि पुन्हा ओवते. कारखान्यात सगळे मला कंजूष म्हणून हसतात. त्याही दिवशी हातांनी सवयीप्रमाणं तेच केलं होतं. तो दोरा दोन्ही गोष्टींच्या पोटातून गेलेला, आणि मी कागद तेवढे बाहेर फेकले. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पुस्तक टेबलावर होतं. मी ते उघडलं, शिवणीची गाठ वर आली. कात्री माझ्या पिशवीत कायम असते, ती काढली. एक गाठ कापली की सगळे फर्मे सुटतात, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. खलाशाचे तर आधीच गेले होते, आता नकाशेवाल्याचेही सुटतील.

चष्मेवाला कात्रीकडे पाहत होता. "ताई, मी वर केव्हा आलो ते मला आठवत नाहीये," तो म्हणाला. "थंडी वाजतेय."

मग दुसरा बोलला. थट्टा नव्हती त्या आवाजात, पहिल्यांदाच नव्हती. "खळबाई, फार पाणी होतं हो तिथं. मला परत नका धाडू."

कात्रीची दोन पाती गाठीच्या दोन बाजूंना होती. मी चष्मेवाल्याला म्हटलं, कारण विचारायचं तर त्यालाच विचारायला हवं होतं, "तुम्ही सांगा. तुमचं अंग आहे. कापू?"

त्यानं चष्मा काढला. उघडे डोळे कसे अगदी लहान मुलासारखे दिसले.

"दुकान बंद केल्यावर मी काचांशी बोलत बसायचो," तो म्हणाला. "त्या उत्तर देत नाहीत. सकाळपासून माझ्या आत कुणीतरी शीळ घालतंय." त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला. "हरकत नाही म्हणजे, ताई... मला आवडतंय."

धाकटी माझ्या पायाशी येऊन बसली, आई वारली तेव्हा बसली होती तशी. काही मागितलं नाही. नुसती बसली.

मला भीती वाटत होती. आजही वाटते, ती दोघं दुसऱ्या गावी दुकान चालवतात आणि मी सुट्टीत जाते तेव्हा जिन्यात पाणी असतं. पण पाण्यात चालत जाण्याचा तो शेवट रद्दीत गेला होता. हा दुसरा होता, माझ्याच हातचा, आणि माझी बहीण त्यात कोरड्या जमिनीवर बसली होती. मी कात्री मिटली. सुई काढली, दोऱ्याचं टोक ओवलं आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली, घट्ट, दातांनी ओढून.

मग टेबलाकडे पाहिलं. तीन कप होते. मी चौथा काढायला उठले.